टेड लिंडसे हरला नव्हता: मालकांनी लिहिलेल्या एका इतिहासाचा प्रतिवाद

१/
टेड लिंडसे. जन्माने कॅनेडियन, अमेरिकेतील डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाचा आइस हॉकीतील डावा फॉरवर्ड. त्याच्याविषयी तीन वाक्ये पुन्हापुन्हा ऐकू येतात. तो बर्फावरचा सर्वांत खुनशी खेळाडू होता. खेळ उतरणीला लागल्यामुळे १९५७ मध्ये त्याला शिकागोला धाडण्यात आले. आणि त्याने उभारलेली खेळाडूंची संघटना वर्षभरातच फसली. यांपैकी पहिले वाक्य अर्धसत्य आहे. उरलेली दोन पुराव्यापुढे टिकत नाहीत. ती इतकी वर्षे का टिकली, हा या थ्रेडचा विषय.

२/
आधी खेळाची ओळख. आइस हॉकी बर्फाच्या रिंकवर स्केट बांधून खेळतात. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा गडी रिंकवर असतात आणि त्यांतील तीन फॉरवर्ड आक्रमणाची फळी सांभाळतात. फॉरवर्डची गुणसंख्या म्हणजे त्याने केलेले गोल आणि सहकाऱ्यांच्या गोलांना केलेले साहाय्य यांची बेरीज. पुढील सर्व आकडे याच हिशेबाने वाचावेत.

३/
१९४२ ते १९६७ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये केवळ सहा संघ होते: मॉन्ट्रियल, टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन आणि न्यूयॉर्क. याचा अर्थ, साऱ्या उत्तर अमेरिकेत या दर्जाच्या नोकऱ्या जेमतेम शंभर-सव्वाशे होत्या. त्या मिळवण्यासाठी कॅनडाच्या गावागावांतून मुले रांगेत उभी असत. क्रीडारसिक या कालखंडाला हळवेपणाने ‘सुवर्णयुग’ म्हणतात. सोने कोणाच्या तिजोरीत जमा होत होते, हे मात्र विचारले जात नाही.

४/
लिंडसेचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी ऑन्टारियोतील रेनफ्र्यू येथे झाला. त्याचे वडील बर्ट हे स्वतः व्यावसायिक गोलरक्षक होते. टेड वाढला तो मात्र कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावी. १९४१-४२ च्या हिवाळ्यात तेथील खाणकामगारांनी आपल्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून संप केला आणि तो मोडून पडला. तेव्हा टेड सोळा वर्षांचा होता. त्या ‘फसलेल्या’ संपाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

५/
१९४४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो डेट्रॉइट संघात आला. मधल्या जागी सिड एबल, उजवीकडे गॉर्डी हाऊ आणि डावीकडे लिंडसे अशी फळी जमली. १९४९-५० च्या हंगामात लीगच्या गुणतक्त्यातील पहिली तिन्ही स्थाने या तिघांनी पटकावली. ७८ गुणांसह अग्रस्थानी लिंडसे होता. १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ अशी चार वर्षे स्टॅन्ले चषक डेट्रॉइटकडे राहिला. १९५२ पासून १९५६ पर्यंत कर्णधारही तोच होता.

६/
या फळीला ‘प्रॉडक्शन लाइन’ असे नाव पडले. डेट्रॉइट ही मोटारींची राजधानी. कारखान्यांतील जुळणीच्या रांगेवरून हे नाव आले. पण खऱ्या कारखान्यांतील कामगारांची बलाढ्य संघटना होती. फोर्डच्या कामगारांनी १९४९ मध्ये आणि जनरल मोटर्सच्या कामगारांनी १९५० मध्ये कंपनीच्या खर्चाने निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले होते. ज्यांच्या नावाची उपमा खेळाडूंना दिली गेली, त्या कामगारांचे हक्क मात्र खेळाडूंना नव्हते. कौतुकापुरती कारखान्याची भाषा चालत होती, हक्काची गोष्ट निघाली की ती बंद होई.

७/
खेळाडूचा करार कसा असे? करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. त्याच्यावरील हक्क संघाकडेच राखीव राहत. किशोरवयातच एका अर्जावर सही घेतली जाई आणि त्या सहीने मुलाचे व्यावसायिक भवितव्य एकाच संघाला बांधले जाई. संघ त्याला विकू शके, बदलू शके, खालच्या लीगमध्ये धाडू शके. खेळाडूला मात्र दुसरा मालक शोधण्याची मुभा नव्हती. खेळ सोडणे एवढाच पर्याय त्याच्या हाती उरे.

८/
शरीराचा हिशेबही लक्षात घ्यावा. शिरस्त्राण क्वचितच कोणी घाली. गोलरक्षकसुद्धा उघड्या चेहऱ्याने पकसमोर उभे राहत. जाक प्लांत या गोलरक्षकाने मुखवटा घालून खेळण्याचा पायंडा पाडला, तो १९५९ च्या नोव्हेंबरात. टाके घालून त्याच सामन्यात परत उतरणे ही रीतच होती. खेळण्याची वर्षे मोजकीच असत आणि उन्हाळ्यात अनेकांना दुसरी कामे धरावी लागत. अशा माणसाला म्हातारपणाची चिंता वाटणे हा लोभ नव्हे.

९/
१९४७ मध्ये लीगने निवृत्तिवेतन निधी सुरू केला. त्यात प्रत्येक खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरत असे. पुढे ठरलेल्या किमान पगाराशी तुलना केली, तर हा त्याचा आठवा हिस्सा होतो. निधीच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून लिंडसे आणि मॉन्ट्रियलचा बचावपटू डग हार्वी हे बसत. दोघांनी एक साधी मागणी केली: निधीच्या वह्या दाखवा. ती नाकारण्यात आली. पैसे भरणाऱ्यांनाच हिशेब पाहण्याची बंदी झाली.

१०/
सगळ्या प्रकरणाचे मूळ या नकारात आहे. लिंडसे क्रांतीची स्वप्ने पाहत निघाला नव्हता. सहकाऱ्याच्या भागीदारीत त्याचा प्लास्टिकच्या मालाचा छोटा व्यवसाय होता आणि जमाखर्च म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. ज्या निधीत आपले पैसे आहेत त्याचा ताळेबंद मागणे, हा कोणत्याही सहकारी पतपेढीच्या सभासदाचा प्राथमिक हक्क. तो हक्क मागणाऱ्याला बंडखोर ठरवावे लागते, तेव्हा वह्यांविषयी शंका अधिकच बळावते.

११/
शेजारच्या बेसबॉलमध्ये चित्र वेगळे होते. तेथे खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाला दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा मिळत होता. हॉकीचे सामनेही १९५२ पासून कॅनडात आणि जानेवारी १९५७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहिनीवर दिसू लागले होते. त्यातून आलेला पैसा मालकांकडे जाई. टोरांटोचे प्रेक्षागृह तर १९४६ पासून सामन्यागणिक भरत होते. ‘धंदा छोटा आहे, परवडत नाही’ ही मालकांची सबब या गर्दीपुढे फारशी शोभत नव्हती.

१२/
लिंडसेने बेसबॉल खेळाडूंच्या वकिलांची गाठ घेतली आणि गुपचूप संघटन सुरू केले. हे काम किती अवघड होते, ते पाहा. विरुद्ध संघातील खेळाडूंशी मैत्री करणे लीगमध्ये निषिद्धच मानले जाई. एकाच आगगाडीने प्रवास करणारे दोन संघ परस्परांशी बोलत नसत. त्यात लिंडसे हा प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत नकोसा वाटणारा गडी. हार्वीची आणि त्याचीही बर्फावर खुन्नस होती. तरीही जवळजवळ प्रत्येक खेळाडूने सही केली आणि शंभर डॉलर वर्गणी दिली.

१३/
फेब्रुवारी १९५७ मध्ये न्यूयॉर्कला संघटना जाहीर झाली. अध्यक्ष लिंडसे, सोबत हार्वी, टोरांटोचा जिमी थॉमसन, बॉस्टनचा फर्न फ्लॅमन, न्यूयॉर्कचा बिल गॅड्सबी आणि शिकागोचा गस मॉर्ट्सन. सहाही संघ एका मंचावर आले. मागण्या माफक होत्या: किमान वेतन, निवृत्तिवेतनात सुधारणा, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा, दुखापतीनंतर संरक्षण. कोणी मालकांचा संघ मागितला नव्हता, की त्यांची तिजोरी.

१४/
प्रत्युत्तर मात्र युद्धाचे होते. डेट्रॉइटचा महाव्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स आणि टोरांटोचा सर्वेसर्वा कॉन स्माइथ यांनी संघटनेकडे कृतघ्नपणा म्हणून पाहिले. आपण या पोरांना घडवले आणि आता ती आपल्यावरच उलटली, असा त्यांचा सूर होता. हा सूर इतिहासाच्या अभ्यासकाला परिचयाचा असतो. मालक स्वतःला पिता म्हणवू लागला, की पगाराची मागणी करणारा नोकर आपोआप कुपुत्र ठरतो.

१५/
आता आक्षेप पहिला: लिंडसे उतरणीला लागला होता. १९५६-५७ चा तक्ता उघडावा. ३० गोल, ५५ साहाय्ये, ८५ गुण. साहाय्यांत तो लीगमध्ये पहिला होता. गुणांत दुसरा, ८९ गुणांच्या हाऊच्या मागे आणि मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होच्या पुढे. हंगामाच्या सर्वोत्तम संघात डाव्या फॉरवर्डच्या जागी त्याचीच निवड झाली. त्याच्या तोवरच्या कारकिर्दीतील ही सर्वाधिक गुणसंख्या होती. उतरण कशाला म्हणतात, हे शब्दकोशात पाहिलेले बरे.

१६/
आणि याच हंगामानंतर, जुलै १९५७ मध्ये, अ‍ॅडम्सने त्याला शिकागोला धाडले. शिकागो त्या वर्षी तळाला होता. त्या काळी खेळाडूच्या दृष्टीने ती काळ्या पाण्याची शिक्षा होती. दोन्ही संघांच्या मागे एकच घराणे उभे होते: डेट्रॉइट ब्रूस नॉरिसच्या हाती, तर शिकागोच्या मालकीत त्याचा सावत्र भाऊ जेम्स नॉरिस. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकावे, तसा लीगमधला सर्वोत्तम डावा फॉरवर्ड हलवला गेला.

१७/
त्याच्याबरोबर ग्लेन हॉल हा तरुण गोलरक्षकही गेला. तोही त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात होता. ऑगस्टमध्ये टोरांटोने संघटनेचा पदाधिकारी थॉमसन याला शिकागोलाच विकले. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलचा संघटक डोलार्ड सां-लोराँ शिकागोलाच पोहोचला. एका संघटकाची बदली हा योगायोग मानता येईल. तीन शहरांतील तीन संघटकांची वाट एकाच तळाच्या संघाकडे वळते, तेव्हा योगायोग हा शब्द अपुरा पडतो.

१८/
प्रतिवाद होऊ शकतो, आणि तो ऐकलाच पाहिजे. अ‍ॅडम्सला अदलाबदलीची खोडच होती. ‘ट्रेडर जॅक’ असे त्याचे टोपणनाव होते. १९५५ मध्ये चषक जिंकल्यावर त्याने टेरी सॉचुक या अव्वल गोलरक्षकालाही बॉस्टनला दिले होते. लिंडसे बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि शिकागोच्या पहिल्या हंगामात त्याचे गुण ३९ वर घसरले. मग अ‍ॅडम्सची नजर अचूक होती असे का मानू नये?

१९/
कारण या युक्तिवादात कार्याला कारण ठरवले आहे. घसरण बदलीनंतरची आहे. बदली घसरणीनंतरची नाही. तेरा वर्षांच्या संघातून काढून माणसाला तळाच्या संघात टाकायचे आणि मग त्याचे गुण घटले म्हणून टाकणे योग्य होते असे म्हणायचे, हा न्याय नव्हे. शिवाय १९५८-५९ मध्ये त्याच शिकागोत त्याने ५८ गुण मिळवले. सॉचुकला दिले तेव्हा त्याची जागा घ्यायला हॉल तयार होता. लिंडसेच्या जागी कोण तयार होता?

२०/
परिणाम तक्त्यात दिसतो. १९५६-५७ मध्ये साखळी फेरीत पहिला आलेला डेट्रॉइट १९५८-५९ मध्ये सहावा, म्हणजे शेवटचा आला. १९६१ मध्ये शिकागोने स्टॅन्ले चषक जिंकला. अंतिम फेरीत हरला तो डेट्रॉइट आणि शिकागोच्या जाळ्यासमोर उभा होता ग्लेन हॉल. डेट्रॉइटला पुढचा चषक थेट १९९७ मध्ये मिळाला. साऱ्या बेचाळीस वर्षांचे खापर एका बदलीवर फोडता येणार नाही. पण ती बदली ‘संघाच्या हितासाठी’ होती, असे तरी कोणी म्हणू नये.

२१/
आक्षेप दुसरा: संघटना फसली. १९५७ च्या शरद ऋतूत खेळाडूंनी दुहेरी चढाई केली. न्यूयॉर्कमध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तीस लाख डॉलरचा दावा ठोकला आणि टोरांटोच्या खेळाडूंसाठी ऑन्टारियोच्या कामगार मंडळाकडे मान्यतेचा अर्ज केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॅडोविच खटल्यात व्यावसायिक फुटबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला होता. हॉकीच्या मालकांना घाम फुटण्यास हे पुरेसे होते.

२२/
मग नोव्हेंबर आला. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून बाहेर पडण्याचे ठरवले. लिंडसेचा तेरा वर्षांचा संघ, हाऊचा संघ, कर्णधार रेड केली याचा संघ. लिंडसे शिकागोत होता. त्याला आपल्या माणसांसमोर उभे राहून बोलता आले नाही. बदलीचा खरा हेतू येथे साध्य झाला. थोड्याच दिवसांत मॉन्ट्रियलचे खेळाडूही मागे हटले आणि सहा संघांची एकजूट विसकटली.

२३/
हाऊला गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. दुसरा मालक नाही, दुसरी लीग नाही, समोर शिकागोला धाडलेल्या मित्राचे उदाहरण. त्याच्याएवढा मोठा खेळाडू बोलला असता तर चित्र पालटले असते, हे खरे. परंतु भय पद्धतशीरपणे पेरले जाते तेव्हा पीक आलेल्या माणसाला दोष देऊन पेरणाऱ्याला सोडणे ही इतिहासलेखनातील जुनी चूक आहे. ती येथे करू नये.

२४/
फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. खेळाडूंनी दावा मागे घेतला, संघटनेला मान्यता मिळाली नाही. पण मिळाले काय, तेही मोजावे: ७,००० डॉलरचे किमान वार्षिक वेतन, निवृत्तिवेतनात वाढ, रुग्णालयाच्या खर्चाची अधिक तरतूद, प्रदर्शनीय सामन्यांवर मर्यादा. वर्षभरापूर्वी यांतील कोणत्याही मुद्द्यावर बोलायलाच मालक तयार नव्हते. फसलेल्या चळवळीला सहसा कोणी किमान वेतन देत नाही.

२५/
आता कर्कलंड लेकचा तो मोडलेला संप आठवावा. खाणकामगार १९४२ मध्ये हरून कामावर परतले. पण त्या पराभवाने कॅनडातील कामगार कायद्याची उणीव उघडी पाडली, आणि १९४४ मध्ये केंद्र शासनाने काढलेल्या आदेशाने मालकांवर संघटनांना मान्यता देण्याचे बंधन घातले. हरलेल्या संपाचा त्यात वाटा होता, हे कॅनडाचे कामगार-इतिहासकार मान्य करतात. मग त्याच गावात वाढलेल्या लिंडसेच्या लढ्याला निराळी फूटपट्टी का लावायची?

२६/
जून १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना नव्याने उभी राहिली आणि या वेळी मालकांनी ती मान्य केली. टोरांटोचा बॉब पल्फर्ड अध्यक्ष, वकील अ‍ॅलन ईगलसन कार्यकारी संचालक. दहा वर्षांपूर्वी पाप ठरलेली गोष्ट आता रीतसर झाली. या संघटनेचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९९८ मध्ये ईगलसनने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्याला तुरुंगवास झाला. वह्या उघड्या असाव्यात, हा आग्रह खेळाडूंच्या स्वतःच्या पुढाऱ्यालाही तितकाच लागू होता.

२७/
आणि गप्प बसलेल्यांना काय मिळाले? १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॉब बॉन हा बचावपटू डेट्रॉइटला आला. पगाराची गोष्ट निघाली तेव्हा हाऊला कळले की जगातला सर्वश्रेष्ठ समजला जाणारा खेळाडू स्वतःच्या संघातही पगारात तिसरा आहे. बॉन आणि कार्ल ब्रूअर त्याच्या पुढे आहेत. मालकाच्या शब्दावर त्याने दोन दशके विश्वास ठेवला होता. एकमेकांचे पगार न सांगण्याच्या शिस्तीचा लाभ कोणाला होत होता, हे त्या दिवशी उघड झाले.

२८/
१९९१ मध्ये निवृत्त खेळाडूंनी निवृत्तिवेतन निधीविरुद्ध ऑन्टारियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. निधीत जमलेली शिल्लक मालकांनी स्वतःच्या देण्यांसाठी वापरली, अशी तक्रार होती. पुढाकार ब्रूअरचा होता. वादींमध्ये अँडी बाथगेट, बॉबी हल यांच्यासह आणखी एक नाव होते: गॉर्डी हाऊ. १९५७ मध्ये मागे हटलेला माणूस चौतीस वर्षांनी त्याच वह्या मागायला न्यायालयात उभा राहिला.

२९/
१९९२ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे आडनाव योगायोगाने अ‍ॅडम्सच होते. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगला अपिलाची परवानगी नाकारली आणि चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम निवृत्त खेळाडूंना द्यावी लागली. लिंडसेने आणि हार्वीने ज्या निधीचा हिशेब मागितला होता, तो हाच निधी. हार्वी मात्र हे पाहायला उरला नव्हता. तो १९८९ मध्येच वारला होता.

३०/
उरले पहिले वाक्य: तो खुनशी होता. होय, तो अतिशय आडदांड खेळला. १,०६८ सामन्यांत १,८०८ मिनिटे दंडाच्या बाकावर बसला. ‘टेरिबल टेड’ हे नाव त्याने कमावले होते. १९५६ मध्ये टोरांटोत त्याला आणि हाऊला ठार मारण्याची धमकी आली. लिंडसेने जादा वेळेत विजयी गोल केला आणि काठी बंदुकीसारखी धरून प्रेक्षकांवर रोखली. पण या माणसाचा तापटपणा एवढाच लक्षात ठेवला, की त्याचे संघटनाचे काम हेही त्याच्या तापट स्वभावाचे एक लक्षण वाटू लागते. अर्धसत्य उपयोगी पडते ते असे.

३१/
त्याच माणसाने १९५० मध्ये स्टॅन्ले चषक उचलून रिंकभोवती फेरी मारली, कारण तो कडेच्या प्रेक्षकांना जवळून दिसावा. आज प्रत्येक विजेता संघ तेच करतो. १९६६ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. समारंभ केवळ पुरुषांसाठी होता, पत्नी-मुलांना प्रवेश नव्हता. लिंडसे गेला नाही. पुढच्या वर्षी नियम बदलला. हा संताप काठीच्या टोकाला नव्हता, तत्त्वाच्या बाजूने होता.

३२/
त्याला संत करण्याचीही गरज नाही. चार वर्षांच्या निवृत्तीनंतर १९६४ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो डेट्रॉइटला परतला आणि तो संघ १९५७ नंतर प्रथमच साखळीत अव्वल आला. १९७७ मध्ये त्याच ब्रूस नॉरिसच्या मालकीतील डेट्रॉइटचा तो महाव्यवस्थापक झाला. अ‍ॅडम्सच्या खुर्चीत बसला. त्याचे वैर व्यक्तींशी नव्हते, झाकलेल्या वह्यांशी होते. एवढे मान्य केले तरी पुरे.

३३/
२०१० मध्ये खेळाडूंनी आपल्या मतांनी दिल्या जाणाऱ्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्काराला टेड लिंडसेचे नाव दिले. ४ मार्च २०१९ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. आता त्याच्या नावाचा पुरस्कार लीगच्या झगमगत्या सोहळ्यात दिला जातो. व्यवस्थेला आव्हान देणाऱ्याचा पुतळा व्यवस्थाच उभारते आणि पुतळ्याखालच्या पाटीवर भांडणाचे कारण कोरत नाही. म्हणून ते कारण इतरत्र लिहून ठेवावे लागते.

३४/
इतिहासाची आवड असणाऱ्यांनी येथून एक सवय उचलावी. खेळाडूची कारकीर्द म्हणजे आकड्यांचा स्तंभ नव्हे. ३७९ गोल, ४७२ साहाय्ये, ८५१ गुण ही लिंडसेची नोंद खरी आहे. पण त्या स्तंभात १९५७ च्या जागी संघाचे नाव बदललेले दिसते, बदलण्याचे कारण दिसत नाही. आकडा खरा असूनही त्याच्याभोवतीची कहाणी खोटी असू शकते. ती कहाणी कोणी सांगितली आणि त्या वेळी वह्या कोणाच्या कपाटात होत्या, हे आधी विचारावे.

३५/
शेवटी मूळ प्रश्न: लिंडसे हरला का? त्याने संघ गमावला, मित्र गमावले, कारकिर्दीतील तीन हंगाम तळाच्या संघाला वर काढण्यात घालवले. त्या बदल्यात त्याच्या पिढीला किमान वेतन मिळाले, पुढच्या पिढीला संघटना मिळाली आणि वृद्धापकाळी निधीचे पैसे परत मिळाले; त्याच्या विरोधात मत दिलेल्या सहकाऱ्यांनाही मिळाले. याला पराभव म्हणायचे असेल, तर १९५७ च्या मालकांना विजयी म्हणावे लागेल. त्यांच्या विजयाची किंमत न्यायालयाने १९९४ मध्ये त्यांच्या वारसांकडून वसूल केली आहे.